झोपेत रडणारी पंची

जिजाबाईंना ऐकू कमी येतं हे सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होतं, आणि ते त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या आमच्या अधीक्षिका. प्रताप नगरच्या त्या लांबोडक्या इमारतीत खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या आम्ही मुली राहायचो आणि आमच्यावर राज्य जिजाबाईंचं. बाई इतक्या मोठ्यानं बोलायच्या की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं तर फाटकाबाहेरून जाणारा सायकलवाला वळून बघायचा. पण ओठ वाचण्यात अशा तयार, की हॉलच्या त्या टोकाला कुणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं तर या टोकाहून उत्तर यायचं. मी दोनदा अशी सापडले आहे आणि दोन्ही वेळा सगळ्यांची भांडी घासली आहेत.

कान गेले ते मिलमध्ये. वडील वारल्यावर तिसरीतून शाळा सुटली आणि जरा मोठ्या झाल्यावर बाई मिलच्या वाइंडिंग खात्यात लागल्या. पुढं छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली आणि घरी येऊन आईला म्हणाल्या, मी आता शिकणार. दिवसभर सूत गुंडाळायचं आणि संध्याकाळी पोराटोरांच्या रांगेत बसून चौथीचा, मग सातवीचा अभ्यास करायचा, असं करत करत त्या इथवर आल्या. म्हणूनच एखाद्या मुलीची शाळा सुटणं ही गोष्ट त्यांना सहनच व्हायची नाही. "या फाटकातून आत आलेली पोट्टी दहावी झाल्याबिगर बाहेर जात नसते," असं त्या म्हणायच्या, आणि तोवर तरी एकही गेली नव्हती.

मिलनं कान घेतले, पण जाताना हाताला एक सवय लावून दिली. त्या गोंगाटात मशीन बिघडल्याचं कानाला कळायचंच नाही. बाया तळहात लोखंडावर ठेवायच्या. नीट चालणारं मशीन हाताला एकसारखं लागतं, बिघडायला लागलेलं अडखळतं. बाई मिल सोडून आल्या तरी हात तसाच राहिला. नळाला पाणी आलं की नाही हे त्या पाइपावर हात ठेवून सांगायच्या. वरण शिजलं की नाही हे झाकणावर हात ठेवून. आम्ही मागं हसायचो, पण वरण शिजलेलं असायचं.

बाईंना आणखी एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. नवी मुलगी फाटकातून आत आली की तिला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या आणि तिचा स्वभाव सांगून मोकळ्या व्हायच्या. मी आले तेव्हा म्हणाल्या, "रागीट आहे. पन मनाची साफ." त्यातलं अर्धं तरी खरं आहे, कुठलं ते विचारू नका.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये पंचफुला आली. पाचवीत. सावनेरच्या बाजूच्या एका खेड्यातली, तिथली शाळा चौथीपर्यंतच. तिची आई अंजनाबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. वडील कोळशाच्या खाणीवर. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, म्हणून एवढ्याशा पोरीला एवढं जुनं नाव, आणि आम्ही त्याचं पहिल्याच दिवशी पंची करून टाकलं. बारीक हातपाय, डोळ्यांखाली काळं, आणि तोंड कायम उघडं. फाटकातून आत आली ती आईचा हात सोडून, धावत, आणि सरळ पेरूच्या झाडावर चढली.

बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हट्टी. भल्ली हट्टी आहे हे पोट्टी."

मी म्हणते, हट्टी हा शब्द कमी पडला. पंची एका जागी बसायचीच नाही. संध्याकाळी वंदनेला सगळ्या हात जोडून बसल्या की ही एक तर शेजारणीची वेणी ओढणार, नाही तर चक्क झोपून जाणार, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. जेवणावरून सगळ्यांच्या मागून उठायची, कारण तिला घास आणि श्वास एकाच वेळी जमायचा नाही. जरा बोललं की अंगावर यायची, चावायची. शाळेत वर्गाच्या बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि मंद असं नाव ठेवलं. सकाळी अंथरूण ओलं. ते धुताना ती कुणाकडे बघायची नाही. आणि कुणी हसलं तर बादली फेकायची.

आणि रात्री रडायची.

म्हणजे आम्ही सगळ्या तसंच म्हणायचो. आधी नुसतं घोरणं. मग एकदम शांत. मग हुंदका. अगदी पोटातून आलेला, लांब, अडकत अडकत आलेला हुंदका, आणि कूस बदलल्याचा आवाज. पुन्हा तेच. घरापासून तुटलेली पोर दुसरं काय करणार? आमच्यातल्या बहुतेक जणी कधी ना कधी पांघरुणात तोंड खुपसून रडलेल्या होत्या, त्यामुळं हुंदका आम्हाला ओळखू यायचा, निदान आम्हाला तसं वाटायचं. आम्ही बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी आमचे ओठ वाचले आणि त्यांचं तोंडच उतरलं.

घरची आठवण हा आजार बाईंना पक्का माहीत होता. त्यावर त्यांच्याकडे औषधंही होती. मीही सावनेरकडची, म्हणून माझी गादी पंचीच्या शेजारी आणली, म्हणजे गावाकडची बोली कानावर पडेल. आईला पत्र घालून दर महिन्याला भेटायला बोलावलं. दिवाळीत चार दिवस जास्तीची सुटी दिली. रविवारी भाकरीबरोबर गूळ. बाई कुणाला मारायच्या नाहीत, तो त्यांचा नेम होता, आणि पंचीनं त्या नेमाची पुरती परीक्षा घेतली. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. माझा तर नाहीच. वर्षभर त्या पोरीशेजारी झोपून माझी आठवीची परीक्षा कशी झाली ते मलाच माहीत.

मार्चमध्ये तिनं गोपिकाला नळावर ढकललं. गोपिका माझ्या वर्गातली, अंगानं धिप्पाड, पण पाय घसरला आणि समोरचा दात अर्धा तुटला. काय झालं होतं, तर गोपिका म्हणाली होती, "आज कोरडी उठली का वं?" गोपिकाचे वडील आले, ओरडून गेले, आणि मग वसतिगृहाच्या समितीचे सचिव आनंदराव आले.

आनंदराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. सरळ माणूस, पण गाडी वेळेवर सुटली पाहिजे एवढंच त्यांना कळायचं. म्हणाले, "बाई, एका पोरीपायी तीस पोरींची झोप खराब होऊन राहिली. बाहेर जागेसाठी किती पोरी थांबून आहेत, तुम्हाले माहीत आहे. वर्ष संपलं की तिच्या मायले बोलवा आणि पाठवून द्या."

बाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यांना समजलं नसेल असं वाटून आनंदराव पुन्हा बोलले. समजलं होतं. पंचीला परत पाठवायचं म्हणजे काय, हे त्या खोलीत बाईंइतकं कुणालाच समजलं नसेल. तिच्या गावात पाचवी नव्हती. ती आईबरोबर कापसाच्या वावरात जाणार होती, आणि पुढचं सगळं तिथंच.

एप्रिलमध्ये नागपुरात शाळा सकाळची असते. दुपारी परतायचं, जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. खिडक्यांना ओल्या चादरी लावून सगळ्या हॉलमध्ये आडव्या व्हायच्या. झोप आली पाहिजे हा नियमच होता. अशा एका दुपारी अंजनाबाई आली. एसटीतून उतरून उन्हात चालत आलेली, डोक्यावर पदर, पदराखाली ओला रुमाल. पंची तेव्हा माझ्या शेजारी झोपून गेली होती, तिला पत्ताच नाही. बाईंनी अंजनाबाईला पाणी दिलं, भाकर वाढली, आधी जेवू दिलं. मग हॉलच्या दाराशी बसवून सगळं सांगितलं. त्यांच्या आवाजात सांगितलं म्हणजे आम्हा सगळ्यांना सांगितलं. मी डोळे मिटून पडले होते, बाकीच्याही तशाच.

अंजनाबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. दाताचं, बादलीचं, बिछान्याचं. मग एकदाच बोलली.

"दुसरी एखांदी शाळा नाही का बाई, तिले ठेवाले? वावरात नाही न्यायची मले तिले."

"मले तरी कुठं पाठवाची आहे," बाई म्हणाल्या. "पन तिचं मन नाही लागून राहिलं इथं. वर्सभर झालं, रोज रातच्याले रडते. घरची आठवन सुटत नाही तिची."

"रडते?"

तेवढ्यात पंचीचं सुरू झालं. घोरणं, मग शांत, मग तो हुंदका. अंजनाबाईनं ऐकलं आणि नवलानं बाईंकडे बघितलं.

"हे का? हे त ते घरीबी करते. लहानी होती तवापासून. माह्या कुशीत झोपून करते."

बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं. ओठ नीट बघून घेतले. मग विचारलं, "तुह्या कुशीत झोपून रडते?"

"हाव."

"मंग घरी झोपून कोन्या घरासाठी रडते वं?"

एक वर्ष आम्ही तीस जणी कान टवकारून ऐकत होतो, आणि हा एवढा साधा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मला आजही त्याचा राग येतो, स्वतःचा नाही, एकूणच माणसांच्या कानांचा.

बाई उठून आत आल्या. पंचीच्या गादीजवळ बसल्या, आणि पाइपावर ठेवायच्या तसा तळहात तिच्या छातीवर ठेवला. मी आता डोळे मिटायचं नाटक सोडून दिलं होतं. बाईंचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. आधी त्यांनी भुवया आवळल्या. मग दुसरा हात पंचीच्या नाकातोंडासमोर धरला. छातीवरचा हात खालीवर होत होता, जोरात होत होता, बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जात होतं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. सगळं अंग श्वास घेत होतं. आणि नाकासमोरचा हात बाईंनी आणखी जवळ नेला, आणखी जवळ, आणि तिथं काही लागत नव्हतं. हवा येतही नव्हती, जातही नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग पंचीला एक हिसका बसला, घशातून तो आवाज आला, हवा आत गेली, आणि तिनं कूस बदलली. जागी झाली नाही.

बाईंनी हात पुन्हा ठेवला. पुन्हा तेच झालं. पुन्हा ठेवला. हॉलमधल्या सगळ्या मुली एव्हाना उठून बसल्या होत्या आणि कुणी कुणाला गप्प राहा म्हणायची गरज नव्हती. मी वर्षभर या पोरीच्या शेजारी झोपले होते आणि मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं.

"अंजनाबाई," बाई म्हणाल्या. "हे पोट्टी झोपून नाही राहिली वं. हे काम करून राहिली. सारी रात काम करते. आन सकाळी उठून शाळेत जाते."

अंजनाबाईला त्या दिवशी त्यांनी परत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पंचीला घेऊन रामदासपेठेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि सोबत मला घेतलं, कारण डॉक्टर तोंडावर फडकं बांधून बोलले तर बाईंना ओठ कसे दिसणार.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पंचीला तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला सांगितलं. तिनं तोंड मिटलं, डोळे मोठे झाले, आणि लगेच तोंड उघडून ती त्यांच्या हाताला चावायला गेली. डॉक्टर हसले. रागावले नाहीत याचंच मला नवल वाटलं. मग घसा बघितला, आरसा घालून बघितला, एक्स-रेचा फोटो काढायला लावला, आणि सांगितलं ते असं.

नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या बाजूला, लहान मुलांत मांसाचा एक गोळा असतो. पंचीचा तो खूप वाढला होता, आणि घशातले टॉन्सिलही मोठे होते. जागेपणी ती तोंडानं श्वास घेऊन भागवायची. झोपली की घसा सैल पडायचा आणि राहिलेली वाटही बंद व्हायची. मग जीव घाबरून शरीर तिला ढोसायचं, ती अर्धवट जागी व्हायची, श्वास मिळायचा, पुन्हा झोप, पुन्हा वाट बंद. रात्रभर हेच चाललेलं. सकाळी तिला त्यातलं काही आठवायचं नाही.

"मोठं माणूस झोपलं नाही तर पेंगतं," डॉक्टर म्हणाले. "मूल पेंगतं, पण बऱ्याचदा उलटंच वागतं. धावतं, चढतं, भांडतं. झोप न मिळालेलं अंग स्वतःला जागं ठेवायला धडपडत असतं. लक्ष लागत नाही, राग आवरत नाही. अंथरुणाचाही याच्याशी संबंध असू शकतो. आमचंही याच्याकडे आत्ता आत्ता कुठं नीट लक्ष जायला लागलंय."

मी सगळं बाईंना ओठांनी सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "म्हंजे हे हट्टी नाही?"

"असेलही," डॉक्टर म्हणाले. "स्वभाव कसा आहे ते मी नाही सांगू शकत. पुरती झोपलेली पंचफुला अजून कुणी बघितलेलीच नाही. तिच्या आईनंसुद्धा."

परत येताना आम्ही सायकलरिक्षा केली. पंची बाईंच्या मांडीवर बसून रिक्षाची घंटी वाजवायला धडपडत होती, आणि बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू तिला अजून कधी बघितलंच नाही. प्रताप नगरच्या वळणावर म्हणाल्या, "आपन एक रात जागलो त दुसऱ्या दिवशी लेकरावर वसकतो. हे जलमल्यापासून जागून राहिली, आन तिनं फक्त एक दात पाडला." रिक्षावाला वळून बघू लागला. "समोर पाह्य गा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी फाटकात उभं राहून कुणाचा स्वभाव सांगितला नाही. निवृत्त होईपर्यंत नाही. नवी मुलगी आली की पहिल्याच दुपारी ती झोपल्यावर शेजारी जाऊन बसायच्या आणि हात ठेवायच्या. कुणी विचारलं, "बाई, कशी आहे हे?" तर म्हणायच्या, "झोपू द्या आधी."

आनंदरावांना समजवायला मात्र वेळ लागला. मांसाचा गोळा आणि गोपिकाचा दात यांचा संबंध त्यांच्या काही केल्या लक्षात येईना. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ऑपरेशन करून घ्या. दिवाळीपर्यंत पाहू. तेव्हाही रातचं रडणं आणि दिवसाची मारामारी असंच राहिलं, तर मंग मले काही म्हणू नका." ऑपरेशन मे महिन्यात सरकारी दवाखान्यात झालं. टॉन्सिल आणि नाकामागचा तो गोळा दोन्ही काढले. जूनमध्ये पंची परत आली.

आता मी काय सांगू? जादू झाली असं सांगितलं तर खोटं होईल. पहिले काही दिवस ती तशीच होती, सवयीनं तोंड उघडं, सवयीनं हात उगारलेला. पण झोप वेगळी होती. माझ्या शेजारी कुणी नाहीच असं वाटायचं. मग एका सकाळी अंथरूण कोरडं. मग दुसऱ्या. मग एके दिवशी वंदनेला ती शेवटपर्यंत बसली, जागी, आणि कुणाची वेणी न ओढता. डोळ्यांखालचं काळं गेलं. जेवण सगळ्यांबरोबर व्हायला लागलं. शाळेत शेवटच्या बाकावरून तिनं एक गणित सोडवलं, तर शाळेच्या बाईंना वाटलं कुणाचं तरी बघितलं.

आणि त्या सगळ्यातून जी मुलगी बाहेर आली, ती कुणाच्या कल्पनेतही नव्हती. पंची लाजरी निघाली. सावकाश बोलणारी, वही नीट घडी घालून ठेवणारी, कुणी मोठ्यानं हाक मारली तर दचकणारी. गोपिकाशी बोलायला तिला दोन महिने लागले, आणि बोलली तेव्हा एवढंच, "दात दुखते का?" आम्ही तिच्याकडे बघत बसायचो. ही एवढी वर्षं कुठं होती? त्या दंगेखोर पोरीच्या आत ही बसलेली होती आणि श्वासासाठी झगडत होती, आणि आम्ही तिला पंची म्हणून हाक मारत होतो. मला अजून हे कोडं उलगडत नाही. आपण ज्याला माणसाचा स्वभाव म्हणतो त्यातलं किती त्याचं असतं आणि किती त्याच्या झोपेचं?

आणि पुढं पावसाळ्यात हळूहळू तिला वास यायला लागला. हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोडणीचा वास, रॉकेलचा, पावसानं भिजलेल्या दप्तराचा, नव्या पुस्तकाचा. ती दिवसभर नाक पुढं करून हिंडायची. स्वयंपाकघरात जाऊन विचारायची, "हे कायचा वास होय?" हिंगाचा, म्हटलं की हिंग हा शब्द तिला पहिल्यांदाच कळल्यासारखा चेहरा करायची. सगळं खरं. पण एका गोष्टीचा कुणी विचार केला नव्हता.

वावरातल्या कामापायी जूनपासून न आलेली अंजनाबाई दिवाळीच्या आधीच्या रविवारी येऊन गेली. थंडी पडायला लागणार म्हणून आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून आणली होती. सकाळी आली, दुपारी गेली. त्याच दुपारी आनंदराव आले, पंचीचा निकाल लावायला. छत्री कोपऱ्यात ठेवून ते बाईंसमोर बसले, आणि तेवढ्यात हॉलमधून हुंदका ऐकू आला. लांब, पोटातून आलेला. मग दुसरा.

आनंदरावांचा चेहरा पडला. "बाई," ते म्हणाले, "अजून रडतेच का हे?"

बाईंना ऐकू आलं नव्हतं. आनंदरावांना पाणी घेऊन आलेल्या माझ्याकडे त्यांनी बघितलं. मी ओठांनी सांगितलं, पंची. आनंदरावांनी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते की दुसरंच कुणी आहे. बाई उठल्या, आनंदराव मागोमाग, आणि आम्ही सगळ्या त्यांच्या मागं.

पंची जागी होती. गोधडी तोंडाशी धरून बसली होती आणि रडत होती. गोधडीला वावराचा, घामाचा, चुलीचा वास होता. आईचा वास. तो तिला दहा वर्षांत पहिल्यांदा आला होता, आणि आई तर एसटीत बसून निघून गेली होती.

बाई तिच्याजवळ बसल्या आणि पाठीवर तळहात ठेवला. आनंदराव काही बोलायला गेले तर त्यांना हातानंच थांबवलं. मग आमच्याकडे वळल्या.

"ऐका वं सगळ्याजनी," त्या म्हणाल्या. "नीट ऐकून घ्या. याले रडनं म्हंतेत."

आणि खरंच, ऐकल्यावर कळलं. तो आवाज वेगळा होता. दोन हुंदक्यांच्या मधे श्वास होता.

आनंदराव खाली वाकले. निवृत्त गार्डाचा आवाज एकदम आजोबांचा झाला. "घरी जायचं का बेटा? आई आत्ताच गेली आहे. सावनेरच्या गाडीवर बसवून देतो तुले."

पंचीनं गोधडीतून तोंड वर काढलं, नाक पुसलं, आणि बाईंना दिसावं म्हणून ओठ नीट हलवून म्हणाली, "नाही जात. थोडं रडू द्या मले. मंग अभ्यासाले येतो."

"रड मंग," बाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्यानं की फाटकाबाहेरच्या सायकलवाल्यानं ब्रेक दाबला. आनंदराव छत्री घ्यायला गेले. बाईंनी पंचीच्या पाठीवरचा हात बराच वेळ काढला नाही.